सल्ल्याचा उपवास

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस भाऊ साखर सोडतात, ही गोष्ट चर्चमधल्या लहान पोरांनाही ठाऊक होती, कारण ती भाऊंनीच त्यांना सांगितली होती. डॉक्टरांनी भाऊंची साखर बारा महिने बंद केली आहे, ही गोष्ट मात्र फक्त घरात ठाऊक होती. आता डॉक्टरांनी सोडायला लावलेली वस्तू देवाच्या नावानं सोडली, तर तिचं पुण्य देवाकडे जमा होतं की डॉक्टरांकडे, हा धर्मशास्त्रातला बारीक प्रश्न आहे. आपण त्यात पडायचं कारण नाही. भाऊही कधी पडले नव्हते.

यंदा नवे फादर आले आणि सगळा घोळ झाला. फादर वयानं लहान, अंगानं किरकोळ, आणि त्यांना एक वाईट सवय होती. ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. आधीचे फादर स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायचे, त्यामुळे मंडळींना कधी त्रास झाला नव्हता. उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर नव्या फादरांनी सगळ्यांना चर्चमागच्या हॉलमध्ये बसवलं आणि विचारलं, "यंदा उपवासकाळात आपण सगळे मिळून काय करायचं?"

कुणी म्हणालं मटण सोडू. कुणी म्हणालं गोड सोडू. विमा एजंट म्हणाला, आपण टीव्ही सोडू. त्याचा टीव्ही महिनाभर दुरुस्तीला गेलेला होता.

"बरं," फादर म्हणाले, "आणि त्यानं आपल्यात काय बदलतं?"

झालं. हॉलमध्ये पंखे तेवढे फिरत राहिले. शांतता म्हणजे भाऊंना न सोसणारी गोष्ट. कुठं शांतता दिसली की तिथं आपण काहीतरी सांगायला हवं, असं त्यांना आतून वाटायचं. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क असलेला माणूस, गळती दिसली की हात जातोच. ते उभे राहिले.

"फादर, घोडं कुठं अडतं सांगू? काय सोडायचं ते आपलं आपणच ठरवतो. चोरालाच विचारायचं का, की बाबा, तुला कुठली शिक्षा परवडेल? माझं म्हणणं, ज्यानं त्यानं काय सोडायचं ते त्याच्या घरच्यांनी ठरवावं. आपल्या खोडी घरच्यांइतक्या कुणाला ठाऊक असतात?"

टाळ्या पडल्या. फादरांचे डोळे चमकले. ज्याची सूचना त्याच्याच गळ्यात समिती, हा जगाचा नियम असल्यामुळे लगेच एक उपसमिती झाली आणि भाऊ तिचे अध्यक्ष झाले. घरच्यांनी फारच अन्याय केला असं कुणाला वाटलं, तर त्यानं शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट ही प्रार्थना झाल्यावर समितीकडे दाद मागावी, असंही ठरलं. या सगळ्या गडबडीत भाऊंची बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती हसत होती. एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाला त्या हसण्याचा अर्थ कळायला हवा होता, पण भाऊ तेव्हा अभिनंदन स्वीकारण्यात गुंतले होते.

घरी चार माणसं. भाऊ, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि भाऊंची थोरली बहीण. तिला सगळं जग ताई म्हणायचं. यजमान गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचं गाणं आलं. ताई कणीक मळताना गायच्या, अंघोळ करताना गायच्या, कपडे वाळत घालताना गायच्या, आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर उभ्या राहून तर छत दणाणून सोडायच्या. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. सूर आणि ताई यांची गाठ पडायची, नाही असं नाही, पण रस्त्यात ओळखीचा माणूस भेटावा तशी. क्षणभर थांबून दोघं आपापल्या वाटेला लागायचे.

जेवायला बसल्यावर वाटप सुरू झालं. मुलीनं जेवताना फोन सोडायचा, यावर तिच्याखेरीज सगळ्यांचं एकमत झालं. बायकोनं "मला मेलीला कोण विचारतंय" हे वाक्य सोडायचं, असं मुलीनं सुचवलं. "मला मेलीला," एवढं बोलून बायको थांबली आणि म्हणाली, "बरं."

मग भाऊंची पाळी आली. ते खुर्चीत मागे रेलले. फार तर संध्याकाळचा पेपर जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

"सल्ला," बायको म्हणाली.

"कुणाचा सल्ला?"

"तुमचा. द्यायचं सोडा."

"मीही हेच म्हणणार होते," मुलगी म्हणाली. ताईंनी नुसती मान डोलावली आणि ती भाऊंना दिसली.

"म्हणजे समोर माणूस खड्ड्यात पडतोय आणि मी बघत राहायचं?"

"परवा तुम्ही त्या बँकेतल्या बाईला नोटा मोजायला शिकवत होतात," बायको म्हणाली. "मागे रांग दारापर्यंत गेली होती."

"ती अंगठ्याला पाणी जास्त लावत होती. माझं ऐका, तुम्ही तिघी जरा शांतपणे विचार करा आणि..."

"बाबा, हा सल्लाच झाला," मुलगी म्हणाली.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. स्वतः काढलेल्या योजनेत स्वतःच सापडल्यावर माणसाला जो राग येतो तो कुणावर काढावा हे त्याला कळत नाही, आणि मग तो सर्वांत गरीब माणसावर निघतो. ताईंनी नेमकं त्याच वेळी विचारलं, "आणि मी रे काय सोडू?"

"आत्या, तू काही नको सोडूस," मुलगी म्हणाली.

"का नको? गाणं सोड म्हणावं," भाऊ म्हणाले. "माझी दुपारची झोप तरी होईल. आणि त्या ऑर्गनवाल्या मास्तरांना आयुष्यात एकदा तरी खरा सूर ऐकू येईल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर भाऊंनाही ते ऐकू आलं. बायकोनं डाव खाली ठेवला. ताईंनी भावाकडे एकदा पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या भरून आणायला उठल्या.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागली आणि भाऊंच्या तोंडाला कुलूप. पहिल्याच दिवशी ऑफिसमध्ये नवा कारकून फायली उलट्या क्रमानं लावत होता. भाऊ बघत होते. बसथांब्यावर एक माणूस भलत्याच बसची वाट बघत होता. भाऊ बघत होते. समोरच्या दुकानदारानं नवी पाटी तिरकी लावली. भाऊंनी मान तिरकी करून ती सरळ दिसते का ते पाहिलं आणि पुढे गेले. तीन दिवसांत त्यांना घास गिळताना त्रास व्हायला लागला. बायकोनं लवंग दिली.

पहिल्या रविवारी मात्र दिलासा मिळाला. प्रवचनात फादर बोलता बोलता म्हणून गेले, की रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासाच्या चाळीस दिवसांत मोजत नाहीत. बाकी मंडळी ते वाक्य ऐकून पुढच्या वाक्याची वाट बघू लागली. भाऊ तिथंच थांबले. मिस्सा संपताच ते फाटकापाशी उभे राहिले आणि चार दिवसांचं सगळं तुंबलेलं त्यांनी मोकळं केलं. कारकुनाच्या घरी फोन करून फायली, दुकानदाराला पाटी, विमा एजंटाला चालताना पाय कसा टाकावा, शेजारणीला मुलाच्या चष्म्याचा नंबर. पुढच्या रविवारपासून मंडळी मागच्या छोट्या दारानं बाहेर पडू लागली. एरवी ते दार गंजलेलं असायचं. दोन माणसांनी मिळून त्याला तेल घातलं.

पण त्याच पहिल्या रविवारी आणखी एक गोष्ट झाली होती. प्रवेशगीताला मास्तरांनी ऑर्गनवर सुरुवातीचे सूर वाजवले. कुणीच गायलं नाही. मास्तरांनी पुन्हा वाजवले. मंडळी पुस्तकं उघडून, तोंडं उघडून उभी, पण आवाज कुणाचाच फुटेना. तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं, की आजवर गाणं सुरू करत होत्या त्या ताई. चुकीच्या सुरात का होईना, पण वेळेवर. त्यांच्या त्या दांडग्या आवाजाच्या आडोशाला उभं राहून अख्खं चर्च बिनधास्त गात होतं. आता आडोसा गेला, तसे सगळे लाजले. शेवटी फादरांनी एकट्यानंच दोन कडवी म्हटली. त्यांचा आवाज त्यांच्या अंगासारखाच किरकोळ होता.

"आत्या, आज रविवार आहे. आज चालतं," प्रवचनानंतरच्या गाण्याला मुलगी कुजबुजली.

"अगं, चर्चमध्ये मी गाते ती रविवारीच," ताई म्हणाल्या. "रविवारी गायले तर मग सोडलं काय?"

भाऊंनी ते ऐकलं आणि त्यांना फाटकापाशी उभं राहण्याच्या आपल्या बेताची किंचित लाज वाटली. किंचितच, कारण मिस्सा संपल्यावर ते तिथं उभे राहिलेच.

घरातही ताई मुकाट्यानं कणीक मळू लागल्या. राग नाही, रुसवा नाही, चहा वेळेवर, चौकशी नेहमीसारखी. रुसल्या असत्या तर भाऊंनी समजूत तरी घातली असती. दुपारी घर इतकं शांत व्हायचं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायचा, आणि भाऊ पलंगावर टक्क जागे असायचे.

मग नळाचं प्रकरण झालं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून शनिवारी प्लंबर आला. ओट्याखाली वाकून त्यानं पान्हा लावला. भाऊ दारात उभे होते. त्यांना दिसलं की या माणसानं मेन कॉक बंदच केलेला नाही. ज्या माणसाचं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं त्याला हे दिसणं म्हणजे काय, याची कल्पना करा. भाऊ खाकरले. प्लंबरनं वर पाहिलं. भाऊंनी एक भुवई मेन कॉककडे नेली.

"बाबा," मागून मुलगी म्हणाली, "भुवईनं दिलेला सल्लाही सल्लाच."

भुवई जागेवर आली. प्लंबरनं पान्हा फिरवला आणि नळ छताला जाऊन लागला. त्यानंतर काय झालं ते सांगत बसत नाही. प्लंबर भिजला, ओटा भिजला, भाऊ भिजले, आणि कॉक बंद होईपर्यंत पाण्याला खालच्या मजल्याची वाट सापडली होती.

खालच्या मजल्यावर शिंपीकाका राहायचे. चर्चचं सगळं शिवणकाम त्यांच्याकडे. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोन थप्प्या होत्या. एक जांभळ्या कापडाची, उपवासकाळाच्या शेवटी मूर्ती झाकायच्या आवरणांची, आणि तिच्या खाली एक पांढरी, ईस्टरला वेदीवर घालायच्या कापडाची. पाणी बरोबर टेबलावर उतरलं. थोड्या वेळानं शिंपीकाका वर आले. त्यांच्या हातात एक फिकट जांभळी वस्तू होती.

"भाऊ, हे सकाळी पांढरं होतं," ते म्हणाले. "आता काय करू ते सांगा. गरम पाण्यात घालू?"

गरम पाण्यात घातलं तर रंग पक्का बसतो, हे भाऊंना ठाऊक होतं. थंड पाणी, मीठ आणि थोडा धीर, एवढ्यानं काम झालं असतं. त्यांच्या ओठांपर्यंत मीठ आलं. त्यांनी ते गिळलं आणि खांदे उडवले.

"वा," शिंपीकाका म्हणाले, "एरवी जिना चढताना श्वास कसा घ्यावा ते सांगता, आणि आज विचारतोय तर मुके झालात." ते खाली गेले आणि त्यांनी कापड गरम पाण्यात घातलं.

"अहो, पाणी बंद करा म्हणणं म्हणजे सल्ला नव्हे," बायको फरशी पुसता पुसता म्हणाली. "ती माहिती झाली. तेवढी दिली असती तर देव काही रागावला नसता."

"नियम म्हणजे नियम," भाऊ म्हणाले, आणि पायजमा पिळायला गेले.

शुक्रवारी समिती बसायची. समितीत भाऊ, शिंपीकाका आणि ऑर्गनवाले मास्तर. गाऱ्हाणी कमी नव्हती. एका शिक्षिकेला तिच्या मुलांनी "आमच्या वेळी" हे शब्द सोडायला लावले होते आणि ती म्हणत होती की मग मी बोलू काय. विमा एजंटाला त्याच्या सासूनं विमा सोडायला लावला होता. तो जवळजवळ रडत होता. एरवी भाऊंनी प्रत्येकाला अर्धा अर्धा तास मार्ग दाखवला असता. आता ते नुसते ऐकत होते. मान हलवत होते. मधेच "हं" म्हणत होते. आणि चमत्कार असा, की माणसं आपली आपण बोलून मोकळी व्हायची, डोळे पुसायची, भाऊंचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "भाऊ, तुमच्याशी बोललं की किती बरं वाटतं हो."

असं यापूर्वी भाऊंना कुणीही म्हणालं नव्हतं. आयुष्यभर मोलाचं ज्ञान फुकट वाटलं तेव्हा लोक मागच्या दारानं पळाले, आणि आता मूग गिळून बसलो तर हात हातात घेतात. भाऊंना हा घोर अपमान वाटला. घरी येऊन त्यांनी तसं सांगितलंही. बायकोनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि "हं" म्हणाली.

एका शुक्रवारी ऑर्गनवाले मास्तर समितीच्या टेबलामागून उठून टेबलासमोर येऊन बसले. "मला दाद मागायची आहे," ते म्हणाले. "माझ्यासाठी नाही, ताईंसाठी. ताईंचं गाणं ज्या कुणी बंद केलं, त्यानं ते चालू करावं. इतकी वर्षं मी त्यांच्याशी भांडत वाजवलं. त्या एका पट्टीत, मी दुसऱ्या पट्टीत, त्यांना गाठता गाठता दमून जायचो. आता एकटाच वाजवतो. खरं सांगू? मला वाजवता वाजवता झोप येते."

"पण बंद केलं कुणी?" शिंपीकाकांनी विचारलं. "त्या माणसाला इथं बोलावू. काय भाऊ?"

भाऊंनी मान हलवली. मग ती कोणत्या बाजूला हलवली हे त्यांचं त्यांनाच कळेना, म्हणून त्यांनी ती थांबवली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊ कन्फेशनला गेले. कन्फेशनमध्ये झालेलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, आणि फादरांनी ते कुणालाही सांगितलं नाही. भाऊंनी मात्र घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं.

"फादर, ताईनं पुन्हा गायला पाहिजे," भाऊ जाळीपाशी वाकून म्हणाले. "तुम्ही तिला जरा समजवा."

"भाऊ, इथं आपली पापं सांगतात."

"तेच सांगतोय. गाणं सोडायला मीच लावलं. आता चालू कर म्हणायचं तर तो सल्ला होतो, आणि माझा उपवास मोडतो."

"समजा मोडला. काय सांगाल तिला?"

"हेच, की माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये. वयाप्रमाणे जरा कणखर व्हावं. आणि एवढे दिवस घसा बंद होता, तर सुरुवातीला जरा..."

जाळीपलीकडे फादरांनी सुस्कारा सोडला. "भाऊ, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं..."

"आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ठाऊक आहे फादर, चर्चमध्ये ते वाचन दरवेळी मीच करतो."

"छान वाचता," फादर म्हणाले. "मग आता एक करा. ताईंना काहीच सांगू नका. माफी मागा. माफी मागायला कुठलाच उपवास आड येत नाही."

हे भाऊंच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाठच्या बहिणीची माफी मागणं वेगळं, थोरलीची मागणं वेगळं, आणि जिच्या हातचं रोज जेवतो तिची मागणं त्याहून वेगळं. भाऊ रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी आड यायचं. कधी पाहुणे, कधी पेपर, कधी नुसताच धीर. असं करता करता ईस्टरच्या आदल्या दिवसाची दुपार आली.

ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चर्चची पितळी मेणबत्तीदानं साफ करत होत्या. वाळलेलं मेण सुरीनं खरवडत होत्या. भाऊ शेजारी जाऊन बसले. कोमट पाण्यात बुडवलं तर मेण आपोआप सुटतं. भाऊंनी एक मेणबत्तीदान उचललं, दुसरी सुरी घेतली आणि तेही खरवडू लागले.

"ताई," थोड्या वेळानं ते म्हणाले, "माझं चुकलं."

"काय चुकलं? बरोबर तर खरवडतोयस."

"हे नाही. त्या दिवशी जेवताना बोललो ते. माझा राग तुझ्यावर काढला. तसं बोलायला नको होतं."

ताईंचे हात थांबले. "अरे बाळ, ते मी केव्हाच विसरले," त्या म्हणाल्या. पन्नाशी उलटलेल्या हेडक्लार्कला बाळ म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. "पण तू म्हणालास ते खोटं नव्हतं. मी मग तुझ्या लेकीला म्हटलं, नाताळात तू फोनवर गाणी भरून घेतली होतीस ना, ती ऐकव. ऐकली. मला वाटायचं, सगळी माझ्या मागून गातात म्हणजे मी बरी गात असणार. कसली बरी? लाजेनं मेल्यासारखं झालं बघ. इतकी वर्षं लोकांनी सोसलं, कुणी तोंडावर बोललं नाही. तू बोललास ते बरं केलंस. उद्या उपवास सुटेल रे, पण मी आता गायची नाही."

हे सगळं ताईंनी अगदी सरळपणे सांगितलं. अशा वेळी सांगायला एरवी त्यांच्याजवळ ढीगभर गोष्टी असायच्या. आज शोधूनही एक सापडेना.

"मला घर नको वाटतं गं तू गात नाहीस तर," ते म्हणाले. "दुपारी झोपसुद्धा येत नाही."

"आता तर शांतता असते की."

"म्हणूनच येत नाही."

ताई हसल्या, पण गाईन म्हणाल्या नाहीत. "मधल्या खाचेत राहिलंय बघ मेण," एवढंच म्हणाल्या, आणि भावाच्या हातातलं मेणबत्तीदान आपल्याकडे घेतलं.

ईस्टरच्या सकाळी चर्च फुलांनी भरलं होतं. वेदीवर फिकट जांभळं कापड होतं आणि ते मुद्दामच तसं केलंय असा चेहरा करून शिंपीकाका बसले होते. उपवासकाळात आलेलुया, म्हणजे देवाची स्तुती असो, असं म्हणत नाहीत. तो शब्दच बंद असतो. ईस्टरला तो परत येतो, आणि दरवर्षी त्याला परत आणायच्या त्या ताई. सगळी मंडळी उभी राहिली. मास्तरांनी सूर वाजवले. कुणी गायलं नाही. सगळ्यांच्या माना हळूच पहिल्या बाकाकडे वळल्या. ताई पुस्तकात बघत उभ्या होत्या. मास्तरांनी पुन्हा वाजवलं. ताईंनी पान उलटलं, जे उलटायचं नव्हतं.

भाऊ चर्चमध्ये कधीही गात नसत. पुस्तक छातीशी धरून, डोळे मिटून उभे राहत, आणि लोकांना वाटे, काय हा भक्तिभाव. खरी गोष्ट अशी होती की आपला आवाज कसा आहे हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं, आणि आयुष्यात ती एकच त्रुटी त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. मास्तरांचे सूर दुसऱ्यांदा संपत आले. भाऊंनी डोळे उघडले.

"आलेलुया," भाऊ गायले.

बंद पडलेला पंप चालू करताना पहिल्यांदा जो आवाज येतो, तो साधारण तसा होता. मागच्या बाकावर एक पोर खुदकन हसलं. बायकोनं त्यांची बाही धरली. मुलीनं जमिनीकडे पाहिलं. विमा एजंट वळून बघू लागला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळेच. समितीचे अध्यक्ष, खात्यातले हेडक्लार्क, लग्नकार्यात ज्यांना पुढची खुर्ची मिळते ते भाऊ, कानापर्यंत लाल झाले होते. पण थांबले नाहीत. दुसरा आलेलुया पहिल्याहून वर होता. तिसऱ्यासाठी ते अशा उंचीवर निघाले, जिथं माणसाला जाता येत नाही. एकटेच. अख्ख्या चर्चमध्ये एकटा तो आवाज, आणि खाली उतरायची वाट नाही.

ताईंनी पुस्तक मिटलं.

"बाळ," त्या म्हणाल्या. कुजबुजच होती, पण ताईंची, त्यामुळे तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू गेली. "फार वर चढलास. खाली ये. माझ्या मागून ये."

आणि ताईंनी तोंड उघडलं. मास्तर ऑर्गनवर दचकले, मग घाईघाईनं पट्टी बदलून त्यांना गाठायला निघाले. भाऊ खाली आले आणि बहिणीच्या मागून गेले. सूर चुकलेलाच होता. पण ताईंचा चुकला तसाच आता भाऊंचा चुकला, आणि दोघांच्या मागून अख्खं चर्च चुकलं.